मियाटासाठी हलके फ्लायव्हील: चार किलो कमी करून नेमके काय मिळाले

माझ्याकडे 1999 सालची माझदा मियाटा आहे. अमेरिकेबाहेर ती एमएक्स-5 या नावाने ओळखली जाते. इंजिन 1.8 लिटरचे, गिअर पाच, ओढ मागच्या चाकांना आणि वजन टनाच्या किंचित वर. न्यू जर्सीतल्या आमच्या घराजवळच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल दाबले की इंजिनाचा आवाज चढू लागला, पण वेग मात्र होता तेवढाच राहू लागला, तेव्हा क्लच प्लेट संपत आल्याचे लक्षात आले. या गाडीत क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि त्यासाठी गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकटही सोडवावी लागते. एवढी मजुरी भरायचीच आहे, तर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवलेले जड चाक, तेही याच वेळी बदलून घ्यावे असे मनात आले. हलके फ्लायव्हील घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे हेच आहे की केवळ त्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नये. क्लच संपण्याची वाट पाहावी.

ज्यांनी विहिरीवरचे जुने, हँडल मारून सुरू करायचे डिझेल इंजिन पाहिले आहे, त्यांना फ्लायव्हीलचे काम वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या इंजिनाची बाहेर दिसणारी अवजड चाके एका स्फोटापासून पुढच्या स्फोटापर्यंत त्याला फिरते ठेवतात. मोटारीत हेच चाक इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दडलेले असते. चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, आणि त्या धक्क्यांमधला चढउतार हे चाक आपल्या जडत्वाने सपाट करते. शिवाय स्टार्टर ज्या दात्यांना पकडतो ती पोलादी रिंग त्याच्या कडेवर बसवलेली असते, आणि क्लच प्लेट त्याच्याच गुळगुळीत तोंडावर दाबली जाते. कंपनी हे चाक जड ठेवते, कारण गाडी घेणारा माणूस सिग्नलवरून उठताना ती बंद पडू नये, एसी लावल्यावर थरथरू नये आणि गिअरबॉक्स खडखडू नये अशी अपेक्षा करतो. ही अपेक्षा रास्तच आहे. हलके चाक बसवणारा माणूस या तीनही गोष्टींत थोडी थोडी तडजोड स्वीकारत असतो.

विक्रेते मात्र वजनाचा आकडा तेवढा मोठ्या अक्षरांत छापतात. वास्तविक महत्त्व वजनाइतकेच, किंबहुना अधिक, ते वजन केंद्रापासून किती दूर आहे याला असते, कारण फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कडेवरचा एक किलो काढणे आणि मधल्या बोल्टांच्या वर्तुळाजवळचा एक किलो काढणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून चार किलोची दोन फ्लायव्हीले रस्त्यावर एकसारखी वागतीलच असे नाही. जडत्वाचा आकडा मिळत असेल तर तो मागून घ्यावा. मिळत नसेल तर निदान छायाचित्रात कड जाड दिसते की पातळ, एवढे तरी पाहावे.

खरेदीपूर्वी मी एक साधा हिशेब केला होता आणि तो इथे देतो, कारण या विषयावरचे निम्मे वाद त्याने मिटावेत. चार किलो कमी झाले आणि ते सरासरी 10 सेंटिमीटर त्रिज्येवरचे होते असे धरले, तर त्याचा परिणाम गाडीचे वजन किती कमी केल्यासारखा होतो, हे गिअरच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. माझ्या गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.136 आणि मागच्या डिफरन्शियलचे 4.30 आहे. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये हा फायदा सुमारे 90 किलोंइतका येतो, म्हणजे शेजारच्या सीटवरचा धष्टपुष्ट माणूस उतरवल्यासारखा. दुसऱ्यात तो 32 किलोंच्या आसपास राहतो, तिसऱ्यात 16, चौथ्यात 9 आणि पाचव्यात जेमतेम 6. हायवेवर पाचव्यात ओव्हरटेक करताना जर कोणाला ‘जबरदस्त पिकअप’ जाणवत असेल, तर ते त्याने खर्च केलेल्या पैशांचे पिकअप असावे. इंजिनाची ताकद याने एका घोड्यानेही वाढत नाही. फिरते भाग गतिमान करण्यात जी थोडी ताकद खर्च होत होती ती वाचते, एवढेच, आणि तीही फक्त वेग वाढत असताना. एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गाडीला फ्लायव्हील हलके आहे की जड, याचा पत्ताही नसतो.

बाजारात तीन वाटा आहेत. पहिली, मूळचेच बिडाचे चाक लेथवर छिलून हलके करण्याची. ही सर्वांत स्वस्त आहे आणि मी तिच्या साफ विरोधात आहे. आठ किलोचे मूळ चाक 7,000 आरपीएमवर (मिनिटाला 7,000 फेरे) फिरत असताना त्यात साठलेली ऊर्जा ढोबळमानाने एक टनाची गाडी ताशी 23 किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात असते तेवढी भरते. बीड ताणाला कच्चे असते, आणि हे चाक बरोबर तुमच्या पायांच्या पुढे, पत्र्याच्या पलीकडे फिरत असते. चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

दुसरी वाट क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या, पोलादाची. हे चाक एकसंध असते, तोंड झिजले की पुन्हा घासून घेता येते, आणि मियाटासाठी ते साधारण पाच ते सहा किलोंमध्ये मिळते. तिसरी वाट अ‍ॅल्युमिनियमची. यात मुख्य चकती अ‍ॅल्युमिनियमची, कडेला पोलादी दात्यांची रिंग आणि क्लच प्लेट घासते तिथे वेगळे बसवलेले पोलादी कडे असते. वजन चार किलोंच्या आसपास. कडे झिजले तर ते तेवढेच बदलता येते, ही मोठी सोय. मात्र तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे या दोन धातूंचा सांधा किती काळजीपूर्वक केला आहे यावर सगळे अवलंबून असते. फिडान्झाची अ‍ॅल्युमिनियमची आणि एसीटीची क्रोमोलीची चाके मियाटावाल्यांमध्ये परिचित आहेत. कोणतेही घ्या, पण त्यावर एसएफआय 1.1 हे सुरक्षेचे प्रमाणपत्र आहे की नाही ते पाहूनच घ्या. आणि जुन्या 1.6 लिटरच्या मियाटाला 200 मिलिमीटरचा, तर 1.8 ला 215 मिलिमीटरचा क्लच लागतो हेही ऑर्डर देताना विसरू नका.

मी अ‍ॅल्युमिनियमचे घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येणारे गुणदोष त्या कंपनीच्या कारागिरीचे नसून चार किलोंच्या चाकाचे आहेत. किंमत साडेतीनशे डॉलरच्या घरात होती. खोके आल्यावर, भारतात जाताना बॅगा मोजण्यासाठी घेतलेल्या लटकत्या काट्याला ते दोरीने अडकवले, तेव्हा काट्याने 4.0 दाखवले. पुढच्या आठवड्यात गॅरेजमधून परत आणलेले जुने चाक त्याच काट्यावर 8.1 भरले. तो काटा काही सराफाचा नव्हे, पण छापील आकडा खरा आहे, एवढी खात्री पटली.

बसवताना एक घोळ झाला. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट नेमकी मध्यावर बसावी म्हणून फ्लायव्हीलच्या तोंडावर तीन छोट्या पोलादी पिना असतात. त्या नव्या चाकाच्या खोक्यात नव्हत्या, आणि वर्णनात तसा उल्लेखही नव्हता. मेकॅनिकने फोन केला तेव्हा माझी गाडी लिफ्टवर पोट उघडे टाकून उभी होती. अखेर त्याने जुन्या चाकातल्या पिना फडके गुंडाळून पकडीने हलके हलके उपटल्या, त्यांची टोके कानशीने साफ केली आणि नव्या चाकात ठोकून बसवल्या. काम निभावले, पण एक पीन जरी वाकली असती तर गाडी दोन दिवस तशीच लटकली असती. खोके हाती आल्याबरोबर उघडून पिना, बोल्ट आणि भोके मोजून पाहावीत; मी ते बसवण्याच्या दिवसावर सोडले, ही माझी चूक.

बाकी काम नियमाप्रमाणे झाले. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही स्वस्त भाग याच वेळी बदलले. नव्या चाकाच्या तोंडावरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून घेतले. बोल्टच्या आट्यांना सीलंट लावून ते समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, 96 ते 103 न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळले. क्लच प्लेट मध्यभागी स्प्रिंगा असलेली, मूळच्या पद्धतीचीच ठेवली, आणि याबाबत माझा आग्रह आहे. हलक्या चाकाने जे धक्के पुढे जाऊ दिले ते थोडेफार पिऊन टाकण्याचे काम आता या स्प्रिंगांवरच येऊन पडते. त्याही काढून कडक प्लेट बसवायची ही हौस शर्यतीच्या गाडीलाच शोभते.

पहिले 800 किलोमीटर मी सावकाश चालवले, जेणेकरून नवी प्लेट आणि नवे तोंड एकमेकांत नीट बसावे. त्यानंतर जे जाणवले ते असे. न्यूट्रलमध्ये पेडलला नुसता टाचणीएवढा धक्का दिला तरी आरपीएमचा काटा उसळतो आणि पाय उचलताच तितक्याच लगबगीने खाली येतो. 6,500 आरपीएमवर पहिल्यातून दुसऱ्यात गेलो तर इंजिनाला साधारण 3,900 वर उतरावे लागते. जुन्या चाकाला हा उतार करायला वेळ लागे, आणि घाईने क्लच सोडला तर गाडी किंचित पुढे ढकलली जाई. आता काटा हाताच्या वेगाशी जुळवून घेतो. याची दुसरी बाजू अशी की हात रेंगाळला तर काटा 3,900 च्याही खाली निघून जातो आणि क्लच सोडताच मागे ओढल्यासारखा हिसका बसतो. म्हणजे पूर्वी गाडी माझा आळस खपवून घेत होती, आता घेत नाही.

खरे सुख मात्र गिअर उतरवताना आहे. वळणाआधी ब्रेक दाबत असतानाच 4,000 आरपीएमवर तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचे, तर इंजिन सुमारे 5,700 वर न्यावे लागते. त्यासाठी पूर्वी टाचेने पेडल चांगले दाबून क्षणभर थांबावे लागे; आता टाच नुसती टेकवली की काम होते. पेनसिल्व्हेनियाच्या सीमेजवळच्या डोंगराळ रस्त्यावर सलग दहा-बारा वळणे अशी निघाली की खर्चाचा विचार डोक्यातून जातो. या एका गोष्टीसाठी मी हे चाक पुन्हा घेईन असे म्हणणार होतो, पण रोजच्या वापराचेही सांगितले पाहिजे.

रोजच्या वापरात पहिली तक्रार आवाजाची. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून गाडी उभी असली की गिअरबॉक्समधून बारीक खडखड येते आणि क्लच दाबताच ती थांबते. हा बिघाड नव्हे. इंजिनाचे धक्के आता पूर्वीसारखे गिळले जात नाहीत आणि मोकळे गिअर एकमेकांवर वाजतात. माझ्या पत्नीने पहिल्याच दिवशी ‘डब्यात फुटाणे हलवल्यासारखे काय वाजते आहे?’ असे विचारले, आणि त्याहून अचूक वर्णन मला अजून सुचलेले नाही. हिवाळ्यात, गिअरचे तेल थंड आणि घट्ट असताना, हा आवाज कमी असतो. गाडी तापली की वाढतो. दुसरी तक्रार उठण्याची. चढावरच्या स्टॉपच्या पाटीपाशी पूर्वी नुसता क्लच सोडत गेलो तरी गाडी हलायची, कारण चाकात साठलेली ऊर्जा मदतीला यायची. आता आधी थोडे पेडल द्यावेच लागते. पहिल्या आठवड्यात मी गाडी चार वेळा बंद पाडली, त्यांपैकी एकदा मागे शाळेची पिवळी बस उभी होती. महिन्याभरात पायाला सवय झाली. एसी सुरू असताना आयडलिंगला गाडी थोडी जास्त थरथरते, ती तक्रारही मी सोडून दिली आहे.

दुहेरी फ्लायव्हील असलेल्या गाड्यांच्या मालकांनी तर अधिकच विचार करावा. त्या चाकाचे दोन भाग स्प्रिंगांनी जोडलेले असतात आणि धक्के गिळण्याचे काम तेच करते, म्हणून ते काढून एकेरी हलके चाक बसवले की माझ्या तक्रारी कित्येक पटींनी वाढतात. पोर्शने स्वतः 964 आणि 993 या 911 च्या पिढ्यांत साध्या गाड्यांना दुहेरी आणि आरएस या हलक्या, शर्यतीच्या धाटणीच्या गाडीला हलके एकेरी चाक दिले होते. साध्या 964 ला आरएसचे चाक बसवणाऱ्यांना थांबताना इंजिन बंद पडण्याचा त्रास होतो आणि त्यासाठी इंजिनाच्या संगणकाची चिप बदलून घ्यावी लागते. मियाटाचे चाक मुळातच एकेरी असल्याने मला ही भानगड करावी लागली नाही.

ज्याची मियाटा महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाते आणि एरवी झाकून ठेवलेली असते, त्याने अ‍ॅल्युमिनियमचे चार किलोंचे चाक डोळे झाकून घ्यावे. जो माझ्यासारखा त्याच गाडीने कामावर जातो, त्याला मी साडेपाच किलोंचे क्रोमोलीचे सुचवीन: गिअर उतरवतानाची मजा बरीचशी मिळेल आणि फुटाणे कमी वाजतील. जो रोज दीड तास गर्दीत हाफ क्लचवर सरकतो, त्याने मूळचे चाकच घासून परत बसवावे. माझे जुने आठ किलोंचे चाक तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवले आहे. गाडी विकायची वेळ आली तर ते घेणाऱ्याला सोबत द्यायचे ठरवले आहे. पिना मात्र त्याला नव्या घ्याव्या लागतील.