फुकटचं कुलूप की विकतचं?

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा फोन आला. "अरे, एक जण सांगून गेलाय, वेबसाइटला महागातलं सुरक्षा सर्टिफिकेट (एसएसएल) घ्या, नाहीतर लोक पैसे भरताना बिचकतात. घेऊ का?" हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच दुकानदार तरी विचारतात.

आधी एक गैरसमज काढतो. हे सर्टिफिकेट म्हणजे साइटचं कुलूप. गिऱ्हाइकाचा ब्राउझर आणि तुमची साइट यांच्यातली माहिती फुकटचं आणि विकतचं, दोन्ही सर्टिफिकेटं सारखीच झाकून नेतात. पैसे मोजले म्हणून कुलूप जाड होत नाही. फरक आहे तो देणारा काय तपासतो यात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट सर्टिफिकेट देते. त्यासाठी डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुमच्या ताब्यात आहे का, एवढंच बघतात (याला डीव्ही, डोमेन व्हॅलिडेशन म्हणतात) आणि ते काही मिनिटांत मिळतं. विकतच्यात ओव्हीसाठी (ऑर्गनायझेशन व्हॅलिडेशन) धंद्याची नोंदणी आणि पत्ता तपासतात, ईव्हीसाठी (एक्स्टेंडेड व्हॅलिडेशन) त्याहून कडक. त्यात दिवस जातात.

पूर्वी ईव्हीला निदान मिरवता यायचं, पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव हिरव्या अक्षरांत झळकायचं. सप्टेंबर २०१९ मध्ये क्रोमने ते काढलं, पुढच्याच महिन्यात फायरफॉक्सनेही. २०२३ मध्ये तर क्रोमने कुलुपाचं चित्रसुद्धा हटवलं, कारण भामट्यांच्या साइटवरही ते दिसतं आणि लोकांना वाटतं दुकान खरं आहे. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजायचे, ते गिऱ्हाइकाला दिसतच नाही. सर्टिफिकेट मुळीच नसेल तर मात्र 'नॉट सिक्युअर' लगेच दिसतं.

विकणारे आणखी दोन गोष्टी गळ्यात मारतात. एक, साइटवर लावायचा 'सुरक्षित' शिक्का. चित्रच ते, कुणीही चिकटवावं. दुसरी, लाखोंची वॉरंटी. ती सर्टिफिकेट चुकीच्या माणसाला दिलं गेलं तर लागू होते. तुमची साइट हॅक झाली तर तिचा काही उपयोग नाही.

फुकटच्यातही खोट आहे. मुदत ९० दिवसांची, आणि ते आपोआप रिन्यू व्हावं लागतं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या होस्टिंगवाल्याने (त्याच्याच सर्व्हरवर साइट चालते) सर्व्हर बदलला, रिन्यूची सोय जुन्याच सर्व्हरवर राहिली. गणपतीच्या आदल्या शनिवारी सकाळी साइट उघडली तर 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही'. दुपारपर्यंत एकही मोदकाची ऑर्डर नाही. तेव्हापासून मी होस्टिंगवाल्यावर विसंबत नाही. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टही जून २०२५ पासून पाठवत नाही.

'विकतचं घ्या, वर्षभर बघायला नको' हेही आता खरं राहिलं नाही. १५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. रिन्यूची कटकट दोघांनाही आहे.

मग विकतचं कुणी घ्यावं? चाकण-हिंजवडीच्या कंपन्यांना माल पुरवत असाल आणि त्यांच्या खरेदी विभागाच्या फॉर्मात ओव्ही मागितलं असेल, तर घ्या. अडचणीत फोन उचलणारा माणूस हवा असेल, तरी घ्या. तीन माणसांच्या धंद्याने ईव्ही घेणं मला तरी पटत नाही.

काकूंना मी फुकटचंच लावून दिलं. वाचलेल्या पैशांत चकल्यांचे नीट फोटो काढले, आणि भरत नाट्य मंदिराजवळचा पत्ता, फोन नंबर नि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव पहिल्याच पानावर टाकलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे हे द्यावंच लागतं, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत. पैसे पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीच्या, पानावर भरले जातात, त्यामुळे कार्डाचा नंबर काकूंच्या साइटवर येतच नाही. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो साठवायची परवानगीही नाही.

फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर काकूंनी दर संकष्टीच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'कुलूप बघणे'.