बिलात नवा लोअर आर्म, गाडीखाली जुनाच

पावसात गाडी घसरून कठड्याला किंवा गटाराच्या काठाला लागली असेल आणि गॅरेजवाला गाडी उचलायच्या आधीच "रॅक गेला" (रॅक म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा पार्ट) म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेची लाल माती रस्त्यावर उतरते. रस्त्यावर आधीचं तेल असतंच, वर डंपरच्या टायरांनी आणलेला चिखल. लांज्याहून राजापूरकडे येताना वाकेड घाटात माझी गाडी अशीच सरकली. वेग फार नव्हता. पुढचं डावं चाक काँक्रीटच्या गटाराच्या काठावर बाजूने आदळलं. कुणाला खरचटलं नाही, बंपर शाबूत. फक्त गाडी डावीकडे ओढायला लागली, आणि सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग तिरकं राहायला लागलं.

महामार्गावरच्या एका गॅरेजला गाडी दाखवली. (नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.) मालकाने बाहेर उभ्या-उभ्याच स्टीअरिंग हलवलं आणि आकडा सांगितला. रॅक, दोन्ही शॉकअप, डावा लोअर आर्म (चाक खालून गाडीला जोडणारा लोखंडी दांडा), टाय रॉड एंड (रॅक आणि चाकामधला सांधा), बेअरिंग, मजुरी, सगळं मिळून 38,400. "सर, घाटात चाक निखळलं तर? घरची माणसं असतात गाडीत." या वाक्यावरच त्याचा धंदा चालतो, असं आता माझं मत झालंय. इन्शुरन्सचं विचारलं तर म्हणाला, "क्लेम नका करू, तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाईल. आणि पक्कं बिल नको असेल तर जीएसटीपण वाचेल." मी ऐकलं, पैसे यूपीआयने दिले. गाडी परत मिळाली तेव्हा स्टीअरिंग अगदी सरळ होतं. जुने पार्ट मागितले, तर भंगारवाला घेऊन गेला होता. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, "बाहेरून करून आणलं", पण त्याचा कागद नाही.

पुढे गणपतीच्या तोंडावर अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला गेलो, तेव्हा टायरवाल्याने डाव्या टायरची बाहेरची कड दाखवली. आतली नक्षी जवळपास नवी, बाहेरची कड मात्र हात फिरवला तरी गुळगुळीत. त्याने गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर घेतली. डाव्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, अधिक 1.8 अंश, उजव्याचा अर्ध्या अंशाच्या आत. म्हणजे डावं चाक वरून बाहेर कललेलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक हिच्या आडोशाने होते. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) फिरवून जुळवता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) जुळवायला सोयच नसते. ते पार्टच्या आकारावर ठरतात. त्यामुळे धडकेनंतर एका बाजूचा कॅम्बर एवढा बिघडला, तर काहीतरी वाकलंय. बहुधा लोअर आर्म, शॉकअप किंवा नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग), या तिघांपैकी एक. अलाइनमेंट कितीही वेळा केलं तरी वाकलेलं लोखंड सरळ होत नाही.

गावी परत आल्यावर आमच्या ओळखीच्या जुन्या मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली. लोअर आर्म काळाकुळकुळीत चमकत होता. त्यांनी नखाने बुशच्या रबरावर घासलं, तर रंगाची पापडी निघाली. "सर, नव्या आर्मच्या रबराला कोण रंग मारतो? हा तुमचाच आहे." पापडीखाली गंज, आणि गंजाच्या खाचेत वाळलेली लाल माती. आर्मची ओळ डोळ्यांनाही वाकडी दिसत होती. रॅकवर जुनाच तेलकट थर होता, फक्त रबरी बूट नवे चढवलेले. दोन्ही शॉकअप जुने. बूट सोडले तर बदललेला पार्ट एकच, टाय रॉड एंड.

मग स्टीअरिंग सरळ कसं झालं? मेस्त्रींनी मला सीटवर बसवलं आणि मधून डावीकडे शेवटपर्यंत किती फेरे होतात ते मोजायला लावलं, मग उजवीकडे. दोन्ही बाजूंचे फेरे सारखे हवेत. माझे नव्हते, उजवीकडे जवळजवळ अर्धा फेरा जास्त. त्या पठ्ठ्याने स्टीअरिंगचं चाक काढून त्याच्या दांड्याच्या दात्यांवर फिरवून परत बसवलं होतं. दिसायला सरळ, खाली सगळं तसंच.

फेरे मोजायला पैसे लागत नाहीत, तेवढं करूनच गाडी ताब्यात घ्या. आणखीही काही घरी बघता येतं. चाकाच्या मागच्या कडेपासून मडगार्डपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. धडकेच्या बाजूला कमी भरलं तर चाक मागे ढकललं गेलंय. टायरच्या आतल्या बाजूला फुगा आलाय का, हाताने चाचपा. फुगा असेल तर तो टायर गेला. वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर बेअरिंगचा संशय घ्या, साठ-सत्तरच्या पुढे स्टीअरिंग थरथरत असेल तर रिम वाकल्याचा. आणि दुरुस्तीच्या आधीचा अलाइनमेंटचा छापील कागद, तोही दुसऱ्याच दुकानातून. त्याचे पाचसातशे रुपये मला मुळीच जड वाटत नाहीत.

नो क्लेम बोनसचा हिशोब मी नंतर मांडला. तीन वर्षं क्लेम नसल्याने मला 35 टक्के होता, तोही फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर. म्हणजे वर्षाला दोनेक हजार. उलट चौथ्या वर्षातल्या गाडीच्या लोखंडी पार्टवर घसारा (जुनेपणापोटी क्लेममधून होणारी कपात) 25 टक्के, रबरी-प्लास्टिकवर 50, आणि सक्तीचे 1,000 रुपये आपल्या खिशातले. एवढं जाऊनही क्लेम बराच फायद्याचा पडला असता. पण क्लेम केला की इन्शुरन्सचा सर्व्हेअर येतो, फोटो काढतो, जुने पार्ट बघायला मागतो. मालकाला माझ्या बोनसची एवढी काळजी का होती, ते यावरून कळतं.

नवा आर्म, बसवणी आणि अलाइनमेंट साडेचार हजारांत झालं. कॅम्बर जागेवर आला, स्टीअरिंगचं चाकही त्याच्या मूळ दात्यावर गेलं. रंगवलेला आर्म मेस्त्रींच्या लेखी जबाबासकट माझ्याकडे आहे. मालक आधी म्हणाला, "कुठलं बिल?" यूपीआयची नोंद दाखवली तेव्हा म्हणाला, पार्ट तुम्हीच नंतर बदलले असतील. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नोटीसही पाठवली. त्यावर त्याने शॉकअपचे पैसे परत देऊ केले, रॅकबद्दल मात्र अवाक्षर नाही. ते पैसे मी घेतलेले नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, त्यामुळे आता रत्नागिरीला अर्ज टाकतोय. याच पट्ट्यात कुणाच्या गाडीला असा ताजा रंग मारलेला आर्म सापडला असेल, तर तो फेकू नका, आणि त्याचा फोटो तारखेसकट काढून ठेवा.