माझी उंची वाढली आणि चरबी उतरली

चरबी घटवायला सर्वांत भारी कार्डिओ, म्हणजे हृदयाचे ठोके वाढवणारा व्यायाम, कोणता, हा प्रश्न घेऊन तुम्ही पश्चिम नागपुरातल्या एखाद्या चकाचक फिटनेस स्टुडिओत जाणार असाल, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. स्टुडिओचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे.

सुरुवात ‘फ्री बॉडी ॲनालिसिस’पासून होते. अनवाणी एका मशीनवर उभं राहायचं, हातात दोन दांड्या धरायच्या, मिनिटभरात एक चिठ्ठी बाहेर येते. माझं वजन ७२.४ किलो, चरबी ४०.८ टक्के. तिथला ट्रेनर चिठ्ठी बोटाने ठोकत म्हणाला, “पाह्यलं का ताई? शंभरातला चाळीस भाग कचरा हाय हा. तुम्ही फुटाळा तलावावर इतकं चालून राहिल्या, पण फॅट जळूनच नाही राहिलं. चुकीच्या झोनमध्ये चालता तुम्ही.”

हा ‘झोन’ म्हणजे त्यांचा सगळा धंदा. छातीला पट्टा, समोर रंगीत स्क्रीन. २२० मधून वय वजा करायचं, त्याच्या साठ ते सत्तर टक्के इतकेच हृदयाचे ठोके मिनिटाला ठेवायचे. माझं वय ४६, म्हणजे १०४ ते १२२. त्याच्या वर गेलं की “आता साखर जळते, फॅट नाही” म्हणून ट्रेडमिल हळू करायचे. दीड महिन्याचे अठरा हजार रुपये, आणि त्या पैशात एसीमध्ये रमतगमत चालणं.

पूर्ण खोटं असतं तर लवकर लक्षात आलं असतं. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. हळू व्यायामात इंधन म्हणून चरबीचा वाटा जास्त असतो, हे बरोबर. पण वाटा कशातला? सत्तर किलोचा माणूस साध्या चालीने तासभर चालला तर साधारण अडीचशे कॅलरी जातात. तोच ताशी आठ किलोमीटरने धावला तर साडेपाचशेच्या वर. अडीचशेतले निम्मे घ्या आणि साडेपाचशेतला तिसरा हिस्सा घ्या, धावणाराच पुढे निघतो. आणि त्या तासात नेमकं काय जळलं यावर पोट ठरतच नाही. दिवसभरात, आठवड्याभरात खाल्लं किती आणि खर्चलं किती, त्यावर ठरतं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. शिवाय २२० वजा वय हा हृदयाच्या जास्तीत जास्त ठोक्यांचा नुसता अंदाज आहे, एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. त्यावर लाल-हिरवे रंग लावून शास्त्र विकायचं म्हणजे कमालच.

दीड महिन्याने परत मशीन. चरबी ३५.१ टक्के! ट्रेनरने टाळ्या वाजवल्या, आजूबाजूच्यांना बोलावलं, माझा फोटो काढला. लगेच पुढचं बोलणं: “आता बॉडी अडकते ताई, प्लॅटो म्हणतात त्याले. इथं थांबलं तर सारं वापस येते.” उपाय बत्तीस हजारांचा. त्यात घाम काढायचा पट्टा आणि फॅट बर्नरचा डबा. नागपुरात मे महिन्यात घाम काढायला पैसे मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. लिटरभर घाम गेला की काटा किलोभर खाली येतो आणि पाणी प्यायलं की जागेवर जातो, त्यात चरबीचा काही संबंध नाही.

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. दोन्ही चिठ्ठ्या घरी आणून टेबलावर शेजारी ठेवल्या, कारण ताळा बसत नव्हता. वजन ७२.४ वरून ७१.९, म्हणजे जेमतेम अर्धा किलो कमी. पण टक्क्यांनी गुणलं तर चरबी साडेएकोणतीस किलोवरून सव्वापंचवीसवर. मग उरलेले पावणेचार किलो कुठून आले? स्नायू? शेचाळीस वर्षांच्या बाईने, वजनं न उचलता, दीड महिन्यात? ते होत नसतं.

मग वरच्या बारीक अक्षरांत दिसलं. पहिल्या चिठ्ठीवर उंची १५८, दुसऱ्या चिठ्ठीवर १६४. शरीराच्या प्रकारापुढे पहिल्यावर ‘नॉर्मल’, दुसऱ्यावर ‘ॲथलीट’.

ही मशीन चरबी थेट मोजत नाहीत. शरीरातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडतात, त्याला किती अडथळा होतो ते बघतात आणि उंची, वय, लिंग यांच्या जोरावर सूत्राने चरबीचा अंदाज काढतात. उंची वाढवून टाकली की सूत्राला शरीर जास्त सडपातळ दिसतं. ॲथलीट निवडलं की आकडा आणखी उतरतो. पाणी किती प्यायलं, नुकताच व्यायाम झाला का, अंग तापलंय का, यानेही फरक पडतो, तो वेगळाच. मशीन वाईट नाही. सकाळी, उपाशीपोटी, रोज तशाच स्थितीत, एकाच नोंदीने मोजलं तर कल कळतो. पण बटणं दुसऱ्याच्या हातात असली की चिठ्ठीला काही अर्थ राहत नाही.

विचारायला गेले तर उत्तर: “टायपिंग मिस्टेक झाली असंल ताई, मनाला नका लावू.” माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या चिठ्ठ्या मागून पाहिल्या. त्यांचीही उंची वाढली होती.

तुम्ही जाणारच असाल तर चिठ्ठीवरची उंची आणि बाकीची नोंद तिथेच वाचा, आणि कमरेचा घेर घरच्या टेपने मोजत राहा. ‘सर्वांत भारी’ कार्डिओचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचा. त्यात चालणं, सायकल, पोहणं काहीही चालतं. गुडघे दुखत असतील तर धावण्याच्या नादी लागू नका. सेमिनरी हिल्सचा चढ मला पुरतो, आणि तो फुकट आहे.

पैशांचं. कार्डावर ‘नॉन रिफंडेबल’ छापलं होतं, पक्कं बिल दिलंच नव्हतं, आणि यूपीआयने पैसे गेले ते एका माणसाच्या खाजगी खात्यात. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा आधी “तीन महिने फ्री घ्या” असा फोन आला. नाही म्हटल्यावर अर्धी रक्कम परत आली. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतेय. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

कुणाकडे अशा चिठ्ठ्या असतील तर आजच फोटो काढून ठेवा. कागद थर्मल असतो, गाडीच्या डिक्कीत उन्हात राहिला की कोरा होतो. काकूंची पहिली चिठ्ठी तशीच गेली आणि आता त्यांच्याकडे फक्त १६३ उंचीवाली उरली आहे.