यरुशलेमात चार महिने आणि चॅपलची हजेरी शून्य

कॉलेजचं एक सत्र यरुशलेमात शिकून डिसेंबरात परतल्या परतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, जानेवारीत लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या. म्हणून सहा महिने थांबले.

फी, क्रेडिट, राहण्याची सोय वगैरे माहितीपत्रकात आहेच, त्यात शिरत नाही. व्हिसावर शिकणाऱ्यांनी निघण्याआधी आय-ट्वेंटीवर (कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर) कॉलेजकडून प्रवासाची सही घ्या, एवढंच.

माझं भांडण चॅपलचं. आमचं अमेरिकेतलं ख्रिस्ती कॉलेज. चॅपल म्हणजे कॉलेजातली सामूहिक उपासना; तिच्या दारात कार्ड स्वाइप करायचं, सत्रात ३० हजेऱ्या भरायच्या. जानेवारीत एक विषय बदलायला गेले तर खात्यावर होल्ड, म्हणजे नोंदणी अडवलेली! हजेरी ३० पैकी ०, दंड हुकलेल्या प्रत्येक चॅपलमागे ५ डॉलर, एकूण १५०. ज्या कॉलेजने मला येशूच्या भूमीत धाडलं, त्याच कॉलेजच्या हिशोबी मी चार महिने देवाला दांडी मारली होती.

मेल केला. उत्तर आलं, उपासनेची छापील पत्रिका जोडा. आता पवित्र कबरेच्या चर्चची (येशूची कबर जिथे होती असं मानतात, तिथलं यरुशलेममधलं चर्च) पत्रिका कुठून आणू? तिथे सहा पंथ एका छपराखाली आपापल्या वेळा सांभाळून उपासना करतात, आणि दाराची किल्ली शतकानुशतकं एका मुस्लिम घराण्याकडे आहे. सही कुणाची घ्यायची, त्यांची?

दीडशे डॉलर म्हणजे माझा तिथला महिन्याचा वरखर्च. तीन आठवडे मी फक्त याच विषयावर बोलत होते, रूममेटला विचारा.

गंमत म्हणजे तिथे असताना मला सगळ्यात नकोशी झालेली गोष्ट होती चिंतनवही. प्रत्येक सहलीनंतर दोन पानं, हाताने, तारीख घालून. प्रश्न ठरलेला: ‘आज देव कुठे भेटला?’ यरुशलेमखालच्या, हिज्कीया राजाच्या ५३३ मीटरच्या जुन्या पाण्याच्या बोगद्यातून ओल्या चपलांनी शिलोहाच्या तळ्याशी बाहेर पडल्यावर मी लिहिलं, ‘भेटला नाही, अंधार होता.’ सरांनी तरीही खाली सही केली. (दोन टोकांनी खणत आलेले मजूर मधे कसे भेटले हे सांगणारा शिलालेख याच बोगद्यात सापडला. तो आता इस्तंबूलला आहे, आपण पाहायची ती रिकामी भिंत.)

वहीबद्दलचं मत बदललं ते यरीहोच्या वाटेवर. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर, यरीहो २५० मीटर खाली. हजार मीटरचा उतार, सगळा गुडघ्यांवर. येशूने सांगितलेल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (याच वाटेवर लुटारूंनी अर्धमेला केलेल्या माणसाला मंदिराचा याजक टाळून जातो, परका शोमरोनी मदत करतो) तो लुटलेला माणूस ‘खाली’ जात होता, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण त्या संध्याकाळी वही भरताना शुभवर्तमान उघडलं तर याजकही खालीच जात होता! म्हणजे यरुशलेमच्या मंदिराकडे नव्हे, मंदिराकडून. मग मंदिरातल्या सेवेआधी प्रेताचा विटाळ नको म्हणून तो वळसा घालून गेला, हे रविवारच्या शाळेत मिळालेलं स्पष्टीकरण डळमळतं. त्या दिवशी दोनाची पाच पानं झाली. एवढ्यासाठी तरी जा. पण जाड तळव्याचे बूट घेऊन जा.

तर शेवटी तीच वही स्कॅन करून पाठवली, सरांच्या सह्यांसकट. ‘भेटला नाही’वालं पानसुद्धा. फेब्रुवारीत निकाल लागला: १४ रविवार आणि सहलींमधल्या ८ प्रार्थना मंजूर, म्हणजे २२. होल्ड निघाला.

कार्यक्रमाला साडेचार तारे, वहीला पाच, आमच्या चॅपल ऑफिसला एक, तोही माणसं सभ्यपणे बोलली म्हणून. जाणाऱ्यांनी हजेरीची सूट लेखी घ्या, तोंडी ‘होऊन जाईल’वर विमानात बसू नका. उरलेल्या आठ हजेऱ्यांचे ४० डॉलर मी भरले. पावतीवर कारण छापलंय: उपासनेस अनुपस्थिती.