ग्लोबल फॉरेस्ट वॉच: फुकट आहे, भारी आहे, पण आकडा उचलायच्या आधी जरा थांबा

सॅटेलाइटवरून जगभरात झाडं कुठे जातायत ते दाखवणाऱ्या ग्लोबल फॉरेस्ट वॉच या वेबसाइटचं नाव निघालं की लगेच एआय जंगल वाचवतंय टाइपच्या गप्पा सुरू होतात, तर ते बाजूला ठेवून साधा वापरणाऱ्याच्या नजरेतून रिव्ह्यू लिहितेय. वेबसाइट भारी आहे यात वादच नाही. फुकट आहे, नकाशा बघायला लॉगिनसुद्धा लागत नाही. पण इथला आकडा उचलून पुढे ढकलणाऱ्या बऱ्याच जणांनी तो आकडा नेमका कशाचा आहे हे वाचलेलंच नसतं, आणि अलर्ट आला म्हणजे काम झालं असं समजणारेही कमी नाहीत.

आधी थोडक्यात हे आहे काय ते. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या पर्यावरण संशोधन संस्थेने २०१४ मध्ये सुरू केलेली साइट, जगाचा नकाशा उघडतो, त्यावर जंगलाचे वेगवेगळे थर चालू-बंद करायचे. यातला पाया म्हणजे मेरीलँड विद्यापीठाच्या टीमचं काम, त्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेच्या लँडसॅट सॅटेलाइटचे साडेसहा लाख फोटो गूगल अर्थ इंजिनवर, म्हणजे असे फोटो एकदम असंख्य कॉम्प्युटरवर तपासणाऱ्या गूगलच्या यंत्रणेवर चालवून अख्ख्या जगात झाडं कुठे गेली आणि कुठे आली याचा नकाशा काढला, एकट्या कॉम्प्युटरला जे करायला १५ वर्षं लागली असती ते काही दिवसांत उरकलं. आणि गंमत अशी की त्यात आत्ताच्यासारखं गप्पा मारणारं एआय वगैरे काही नव्हतं, डिसिजन ट्री म्हणून मशीन लर्निंगमधली (कॉम्प्युटरला उदाहरणं दाखवून शिकवायचं त्यातली) जुनी साधी पद्धत आहे तीच, हा ठिपका आधी असा दिसायचा आता असा दिसतोय तर झाड गेलं की राहिलं एवढंच ठरवायचं. माझ्या मते खरा उलटफेर २००८ मध्ये झाला, लँडसॅटचे सगळे जुने-नवे फोटो जगाला फुकट खुले केले तेव्हा. फोटोच विकत घ्यावे लागले असते तर कसलं मशीन लर्निंग अन् कसलं काय.

आता अलर्ट, म्हणजे या साइटचा सगळ्यात कामाचा भाग. नकाशावर बोटाने आपल्याला हवा तो तुकडा आखायचा, अकाउंट काढून सेव्ह करायचा, आणि तिथे झाडं गेल्याचं दिसलं की ईमेल येतो. मागे मुख्यतः तीन वेगवेगळ्या यंत्रणा चालतात. एक लँडसॅटवरची, तिचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटर. दुसरी सेंटिनेल-२ या युरोपच्या सॅटेलाइटवरची, १० मीटरची, म्हणजे बरीच बारीक. पण या दोन्ही शेवटी फोटोवर चालतात, ढग आले की आंधळ्या, आणि उष्ण कटिबंधातल्या पावसाळी जंगलांवर ढग किती असतात हे सांगायला नको, आठवडेच्या आठवडे खालचं काही दिसत नाही आणि तोडणाऱ्याला नेमकं तेच सोयीचं. म्हणून तिसरी यंत्रणा मला सगळ्यात आवडते, नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठाने केलेली, ती युरोपच्याच सेंटिनेल-१ सॅटेलाइटचं रडार वापरते. रडार ढगातून आरपार जातं, रात्रीही चालतं. तिन्हींचे अलर्ट साइट एकत्र करून दाखवते आणि प्रत्येकाला विश्वासाची पातळी देते, एकाच यंत्रणेने एकदाच पाहिलं असेल तर कमी, तिने पुन्हा पाहून खात्री केली तर जास्त, एकापेक्षा जास्त यंत्रणांनी पकडलं तर सर्वात जास्त. ही पातळी न बघता नुसते गुलाबी ठिपके मोजत बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास.

कारण कुत्रं भुंकलं म्हणजे चोर आलाच असं नसतं, पण उठून बघावं तर लागतं. इथेही तसंच आहे. ठिपका सांगतो की इथे काहीतरी बदललं. कोणी तोडलं, परवानगीने तोडलं की चोरून, वादळात पडलं की नदीने काठ खाल्ला, यातलं काहीच त्या ठिपक्याला माहीत नसतं. रडारला जमिनीतल्या ओलीने आणि पुराने फसायला होतं, फोटोवाल्यांना ढगाच्या सावलीने आणि धुराने. उलट दाट जंगलात वरचं छत्र तसंच ठेवून आतली मोजकी मोठी झाडं काढली तर यातल्या कुणालाच पत्ता लागेल याची खात्री नाही.

माझी खरी तक्रार डॅशबोर्डबद्दल, म्हणजे साइटवरच्या देशवार आकड्यांच्या पानाबद्दल आहे. देश निवडला की मोठ्या अक्षरात येतं की इतक्या सालापासून इतके हेक्टर ट्री कव्हर गेलं, आणि लोक ते वाचून सरळ लिहितात की इतकी जंगलतोड झाली. अहो तसं नाहीये ते. इथे ट्री कव्हर म्हणजे ५ मीटरपेक्षा उंच कुठलीही झाडी, मग ते हजार वर्षांचं जंगल असो नाहीतर पामतेलाची, रबराची, कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या निलगिरीची लागवड असो. लागवड तोडून परत लावली तरी नुकसानात धरली जाते, वणव्यात जळून नंतर आपोआप उगवलं तरी धरली जाते. हे सगळं त्यांनी स्वतःच माहितीच्या बटणामागे लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही, पण ते बटण दाबतो कोण. अजून एक, वर्षावर्षाचे आकडे लावून रेघ चढली की उतरली हे बघताना सांभाळून, कारण मधल्या काळात मोजायची पद्धत सुधारली आणि नवे सॅटेलाइट आले, त्यामुळे अलीकडच्या वर्षांत बारीक नुकसानही पकडलं जातं जे आधी सुटायचं. आणि गेलेल्यातून आलेलं वजा करून निव्वळ किती उरलं असं काढायला तर जाऊच नका, दोन्ही वेगळ्या पद्धतीने मोजलेलं आहे.

त्यापेक्षा प्रायमरी फॉरेस्ट म्हणजे जुन्या मूळ जंगलाचा थर लावा, तो आकडा बोलतो. २०२४ मध्ये उष्ण कटिबंधातलं असं ६७ लाख हेक्टर जंगल गेलं, आधीच्या वर्षाच्या जवळपास दुप्पट, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास आगीमुळे. हे वाचून मला तरी काही वेळ दुसरं काही सुचलं नाही.

कारणांचा थरही आता चांगला झालाय, गूगल डीपमाइंड या गूगलच्या एआय कंपनीसोबत न्यूरल नेटवर्क (मशीन लर्निंगमधलीच जास्त गुंतागुंतीची पद्धत) वापरून केलेला, २०२५ मध्ये आला. कायमची शेती, खाणी, फिरती शेती, लाकूडतोड, वणवा, वस्त्या-रस्ते आणि बाकीची नैसर्गिक कारणं अशा सात खान्यांत नुकसान वाटून दाखवतो. फक्त त्याचा ठिपका १ किलोमीटरचा आहे आणि एका ठिपक्याला एकच मुख्य कारण मिळतं, त्यामुळे देशाच्या पातळीवर उत्तम, पण एखाद्या टेकडीवर कोणी काय केलं याचा पुरावा म्हणून नाचवू नका. आगीच्या अलर्टचंही तेच, ३७५ मीटरचा ठिपका असतो, आग त्यात नेमकी कुठे आहे ते जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

फॉरेस्ट वॉचर नावाचं त्यांचं मोबाइल ॲप वेगळं आहे आणि माझ्या मते त्याचं नाव कमी लोकांना माहितीय. नेट असताना अलर्ट आणि नकाशा उतरवून घ्यायचा, मग रेंज नसलेल्या भागात जीपीएसवर त्या ठिपक्यापर्यंत चालत जायचं, फोटो काढायचे, फॉर्म भरायचा, परत नेट आलं की अपलोड. दिसायला फार चकचकीत नाही, पण ज्याच्यासाठी बनवलंय त्याला बरोबर तेच लागतं.

मग या सगळ्याने खरंच झाडं वाचतात का? यावर दोन अभ्यास आहेत आणि दोन्ही वाचावेत असे आहेत. पेरूच्या ॲमेझॉनमधल्या आदिवासी गावांत याच प्रकारचे अलर्ट दिले, पण नुसते ईमेल नाही पाठवले, तिथे नेटच नाही, तर माणसं नदीतून पेन ड्राइव्ह घेऊन गावोगाव जायची, गावातल्या लोकांना ट्रेनिंग दिलं, गस्तीचे पैसे दिले. पहिल्या वर्षी जंगलतोड ५२ टक्के कमी, दुसऱ्या वर्षी २१ टक्के. २०२१ मध्ये हा अभ्यास आला. त्याच वर्षी दुसरा आला, त्यात उष्ण कटिबंधातल्या २२ देशांत या साइटच्या अलर्टचं सबस्क्रिप्शन घेतल्याने काय फरक पडला ते पाहिलं, तर आफ्रिकेत तोडीची शक्यता १८ टक्के घटली आणि बाकी खंडांत काहीच ठोस दिसलं नाही. अलर्ट तेच, सॅटेलाइट तेच, फरक कुठे पडतो तर पलीकडे तो उघडून पायात बूट घालणारं कोणी आहे का आणि त्याच्या हातात काही अधिकार आहे का यात. म्हणून एआयने जंगल वाचवलं असं कोणी म्हणालं की मला त्या पेन ड्राइव्हवाल्यांचं वाईट वाटतं.

एआयच किती वीज खातं हा प्रश्न येतोच, तर जगातल्या सगळ्या डेटा सेंटर्सनी मिळून २०२४ मध्ये जगाच्या विजेतली दीड टक्का वापरली असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे आणि तो आकडा वाढणार आहे. पण सॅटेलाइटचे ठिपके वाचणारी ही छोटी मॉडेल्स आणि फोटो-व्हिडिओ बनवून देणारी अवाढव्य मॉडेल्स एका तराजूत घालू नका.

माझे पाचपैकी चार स्टार. अर्धा कापला डॅशबोर्डसाठी, लागवड आणि मूळ जंगल पहिल्याच पानावर वेगळं दाखवायला हवं होतं. उरलेला अर्धा भाषेसाठी, इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच अशा मोजक्या भाषा आहेत, मराठी नाही.

नवीन असाल तर सेटिंगचं एवढं लक्षात ठेवा, लेख किंवा रिपोर्ट लिहायचा असेल तर फक्त जास्त आणि सर्वात जास्त विश्वासाचे अलर्ट ठेवा आणि खात्री व्हायला थोडे आठवडे जाऊ द्या. पण तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कोणी प्रत्यक्ष जागेवर जाऊ शकत असेल तर कमी विश्वासाचेही चालू ठेवा, त्यातले काही फुसके निघतील, चालतंय, खात्री होईपर्यंत थांबलात तर ट्रक निघून गेलेला असतो.