घरघर घालवायची, तर पैसे आधी कशावर घालावेत? डेझी चेन, आयसोलेटेड सप्लाय आणि नॉइज गेट

इलेक्ट्रिक गिटारचा सूर बदलणारी दोन-तीन पेडल्स असेपर्यंत तक्रार नसते. पाचवं-सहावं पेडल जोडून डिस्टॉर्शन (सूर फाटका, करकरीत करणारं पेडल) चालू केलं, की तारांना हात न लावताही अ‍ॅम्प घरघरायला लागतो. मग बहुतेक जण सरळ नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल, घ्यायला निघतात. माझं मत वेगळं आहे. बहुतेक पेडलबोर्डांच्या (पेडल्स बसवलेल्या फळ्यांच्या) बाबतीत त्या पैशांवर पहिला हक्क वीजपुरवठ्याचा असतो. पण काही जणांसाठी हे दोन्ही खर्च फुकट जातात, म्हणून खरेदीआधी आवाज नेमका कुठून येतोय ते शोधा. त्याला पाच मिनिटं पुरतात.

सगळं जोडलेलं ठेवून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज जवळजवळ गेला, तर तो पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागातून, येत होता. कितीही महागडा सप्लाय घेतला तरी तो आवाज कमी होणार नाही. व्हॉल्यूम पुन्हा वाढवून गिटारसह जागच्या जागी फिरून बघा. दिशा बदलली की गुणगुण कमी-जास्त होत असेल, तर सिंगल कॉइल (तारेचं एकच वेटोळं असलेला) पिकअप आसपासचे ट्रान्सफॉर्मर, दिव्यांचे डिमर आणि संगणकाचे पडदे यांचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी हंबकर हा दोन कॉइल्सचा पिकअप बनवला तो याच कारणासाठी (पेटंटसाठी अर्ज १९५५ सालचा). दोन कॉइल्स उलट्या गुंडाळायच्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे ठेवायचे. बाहेरून आलेली गुणगुण दोन्ही कॉइल्समध्ये एकमेकींच्या विरुद्ध येऊन रद्द होते, तारांचा सूर मात्र एकमेकांत मिळतो. तुमची अडचण ही असेल, तर पिकअप बदलणं किंवा गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा लावणं या दोनच गोष्टींचा विचार करा. त्यातही पत्र्यामुळे बझ (करकर) कमी होतो, चुंबकीय गुणगुण फारशी नाही.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही आवाज तसाच राहिला, तर दोष पेडल्स, केबल्स, वीज किंवा अ‍ॅम्प यांपैकी कशात तरी आहे. आता आवाजाची जात ओळखा. जाड, खालच्या पट्टीतली गुणगुण म्हणजे घरातल्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची लहर, किंवा तिची दुप्पट. बारीक, वरच्या पट्टीतली शिट्टी हे बहुतेक वेळा डिजिटल पेडलचं काम असतं. सळसळ, म्हणजे हिस्स, ही गेनमधून, म्हणजे सिग्नल वाढवण्याच्या प्रमाणातून, येते.

डेझी चेन की आयसोलेटेड सप्लाय

डेझी चेनमध्ये एका अ‍ॅडॉप्टरमधून निघालेल्या एकाच वायरीवर सगळ्या पेडल्सचे प्लग असतात. स्वस्त, हलकी आणि पिशवीत मावणारी ही सोय आहे. एक ओव्हरड्राइव्ह (डिस्टॉर्शनचा सौम्य प्रकार) साधारण ५ ते २० मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे तीन-चार अ‍ॅनालॉग पेडल्ससाठी ती अगदी व्यवस्थित चालते. एवढाच बोर्ड असलेल्या माणसाला मी आयसोलेटेड सप्लाय घे असं कधीच सांगणार नाही.

अडचण डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) किंवा रिव्हर्ब (खोलीसारखी घुमक देणारं पेडल) आला की सुरू होते. त्यातला प्रोसेसर सेकंदाला लाखो वेळा विजेचे झटके घेतो. ते झटके सामाईक वायरीतून शेजारच्या पेडलपर्यंत पोचतात. तिथला डिस्टॉर्शन गिटारच्या सुराबरोबर त्यांनाही तितकंच मोठं करतो, आणि तीच ती शिट्टी. शिवाय सगळ्या पेडल्सचे ग्राउंड (सर्किटची सामाईक बाजू) त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या छोट्या पॅच केबलच्या जाळीतून आधीच जोडलेले असतात. डेझी चेन त्यांना दुसऱ्या वाटेनंही जोडते आणि ग्राउंड लूप, म्हणजे गुणगुण पकडणारं बंद वर्तुळ, तयार होतो.

आयसोलेटेड सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुटला स्वतःचं वेगळं वेटोळं किंवा वेगळा कन्व्हर्टर असतो, म्हणून एकाचा कचरा दुसऱ्याकडे जात नाही. पण डब्यावर तसं लिहिलेलं असलं म्हणून ते खरं असेलच असं नाही. मल्टिमीटर असेल तर सप्लाय भिंतीतून काढा, पेडल्सही काढा, मीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि दोन आउटपुट प्लगांच्या बाहेरच्या नळ्यांना टोकं लावा. मग आतल्या भागांना लावून बघा. कुठेही मीटर वाजला, तर ते आउटपुट एकमेकांशी जोडलेले आहेत आणि तुम्ही जास्त पैसे मोजून डेझी चेनच घेतली आहे. ही तपासणी दुकानातच करता आली तर फार बरं.

घेताना मिलिअँपिअर बघा. व्होल्टेज आणि ध्रुव पेडलवर छापल्याप्रमाणेच हवेत. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी आणि मधली पिन ऋण लागते. करंटची क्षमता गरजेपेक्षा जास्त असली तरी काही बिघडत नाही, कमी पडली तर बिघडतं. ३०० मिलिअँपिअर मागणारा डिले १०० च्या आउटपुटवर लावला, तर तो आवाज करतो किंवा सुरूच होत नाही. वजनदार ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय बोर्डाखाली बसवणार असाल, तर वाह पेडल (पायानं सूर ‘वा-वा’ करणारं) त्याच्यापासून लांब ठेवा. वाहमधलं इंडक्टर (तारेचं वेटोळं) ट्रान्सफॉर्मरची गुणगुण थेट उचलतं.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा जुन्या धाटणीचा फझ (खूप फाटक्या सुराचं पेडल) असेल, तर मात्र निवड उरतच नाही. यातल्या बऱ्याच पेडल्सचा ग्राउंड धन बाजूला असतो. डेझी चेनवर बाकीच्यांबरोबर लावलं की थेट शॉर्टसर्किट होतं. त्याला वेगळा आयसोलेटेड आउटपुट किंवा बॅटरी द्या. आणि डेझी चेनवर एखादा प्लग मोकळा लोंबत असेल, तर त्यावर टेप लावा. मधली पिन ऋण, म्हणजे बाहेरची नळी धन. ती पेडलच्या धातूच्या डब्याला टेकली की अख्खी चेन शॉर्ट होते.

मधला मार्गही आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. अ‍ॅनालॉग पेडल्स डेझी चेनवर ठेवा आणि फक्त डिजिटल पेडलला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्या. बऱ्याच बोर्डांवर शिट्टी एवढ्यानंच थांबते. ९ व्होल्टची बॅटरी तर सगळ्यात शांत, कारण तिचा भिंतीशी संबंधच नाही. साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ८ मिलिअँपिअरच्या ओव्हरड्राइव्हला साठेक तास पुरते, १५० च्या डिजिटल पेडलला जेमतेम तीन. म्हणून ती मला तपासणीसाठी जास्त उपयोगी वाटते. ज्या पेडलवर संशय आहे ते, त्यात बॅटरीची सोय असेल तर, थोडा वेळ बॅटरीवर चालवा. आवाज गेला, तर दोष वीजपुरवठ्याचा.

नॉइज गेट कोणासाठी

गेट म्हणजे दार आहे, गाळणी नव्हे. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की ते बंद होतं. तुम्ही वाजवत असताना ते उघडं असतं, आणि तेव्हा गुणगुण, शिट्टी, सळसळ सगळं सुरांबरोबर बाहेर येतं. म्हणून वीजपुरवठ्याचा दोष गेटनं झाकला, तर स्वच्छ आर्पेजिओमध्ये (एकेक सूर सुटा वाजवताना) तो पुन्हा ऐकू येतोच.

गेटची खरी गरज हाय गेनवर तुटक, घट्ट रिफ (पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे) वाजवणाऱ्यांना असते. तिथली सळसळ हा दोष नसतो, गेनचा अटळ भाग असतो. सप्लाय कितीही चांगला असला तरी ती येणारच, आणि दोन प्रहारांमधली शांतता गेटच देऊ शकतं. ब्लूज वाजवणाऱ्याला, सूर लांबवणाऱ्याला, व्हॉल्यूमनं सूर हळूहळू फुलवणाऱ्याला मात्र गेट त्रासच देईल, कारण सुराची शेपटी मध्येच कापली जाते.

घेणार असाल, तर सेंड-रिटर्न, म्हणजे दुसरं पेडल मध्ये जोडायचा लूप, असलेलं घ्या, उदाहरणार्थ बॉस एनएस-२ च्या धाटणीचं. गिटार आधी गेटमध्ये जाते, डिस्टॉर्शन लूपमध्ये बसतं. डिस्टॉर्शन जोरकस आणि हलका प्रहार जवळजवळ सारख्याच पातळीवर आणून ठेवतं, त्यामुळे त्याच्या मागे बसलेल्या साध्या गेटला सूर संपला की नाही हे नीट कळत नाही. लूपवालं गेट गिटारच्या मूळ सिग्नलकडे बघून दार बंद करतं. डिले आणि रिव्हर्ब गेटच्या पुढे, अ‍ॅम्पच्या बाजूला ठेवा, नाहीतर त्यांचे प्रतिध्वनीही कापले जातील. आणि तुमचा गेन पेडलमध्ये नसून अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागात) असेल, तर अ‍ॅम्पच्या आधी लावलेल्या गेटचा उपयोग कमीच. अशा वेळी गेटच्या लूपमध्ये प्रीअ‍ॅम्पच घ्यावा लागतो, म्हणजे चार केबल्स आणि अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्पनंतर पेडल्स जोडायची जागा), दोन्ही हवेत.

ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारं पेडल) की बफर (लांब केबलमध्येही सिग्नल टिकवणारं सर्किट) हा वाद इथे थोडक्यात. केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅराड असते. लांब केबल आणि ओळीनं ट्रू बायपास पेडल्स असतील तर ट्रेबल (वरच्या पट्टीतला आवाज) मरतो. मग अ‍ॅम्पवर ट्रेबल वाढवला जातो आणि त्याबरोबर सळसळही वाढते. सुरुवातीला एक बफर पुरे. फक्त जर्मेनियम फझ त्याच्या आधी ठेवा. साखळीत बॉसचं एखादं कॉम्पॅक्ट पेडल कायम असेल, तर बफर बहुधा आधीच आहे, वेगळा घेऊ नका.

मग आधी काय घ्यायचं? तीन-चार अ‍ॅनालॉग पेडल्स असतील तर काहीच नाही, चांगल्या पॅच केबल्स घ्या. एक-दोन डिजिटल पेडल्स असतील तर त्यांच्यापुरते वेगळे अ‍ॅडॉप्टर. सहा-सातच्या पुढे गेलात किंवा धन ग्राउंडचा फझ असेल, तर आयसोलेटेड सप्लाय, आणि हाय गेन वाजवत असाल तर त्यानंतर गेट. दोन अ‍ॅम्प एकाच वेळी जोडल्यावरच गुणगुण येत असेल, तर यातलं काहीच उपयोगी नाही. एका अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. अशा वेळी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर भिंतीतली वीज तारांवर ठेवलेल्या हातातून जाईल.