स्लायगोत मुलाला कुठे घालावं: समरहिल, ग्रामर की बॅलिनोड?

प्राथमिकची सहावी सरत आली की आयर्लंडमधल्या स्लायगोत राहणाऱ्या आपल्या लोकांत एकच विषय निघतो: समरहिल चांगली आहे म्हणतात, पण ती कॅथलिक ना? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी मुलाचा स्वभाव बघा, मग खर्च.

समरहिल कॉलेज फक्त मुलग्यांचं, एल्फिन धर्मप्रांताचं. 1857 साली अ‍ॅथलोनला सुरू झालं आणि 1880 मध्ये स्लायगोला आलं. गायक जॉन मॅकॉर्मॅक इथलेच, आणि वेस्टलाइफ या पॉप बँडमधले शेन, किअन आणि मार्कही. मैदानावर गेलिक फुटबॉलचा जोर. खेळात किंवा गाण्यात रमणारा मुलगा अशा शाळेत पटकन मिसळतो. पण घुम्या स्वभावाचा, गर्दीत मागे राहणारा मुलगा असेल तर नुसत्या मुलग्यांच्या घोळक्यात तो कसा टिकेल, याचा नीट विचार करा. मला स्वतःला हा मुद्दा धर्मापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

स्लायगो ग्रामर चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट पंथाची. मुलंमुली एकत्र, वसतिगृहाची सोय, पण फी भरावी लागते. बॅलिनोड सरकारी शिक्षण मंडळाची, मुलंमुली एकत्र, कुठल्याही एका धर्माची नाही. पाठोपाठ मुलगीही असेल तर या दोन्हींत भावंडं एकाच शाळेत जातील; समरहिलमध्ये ते शक्य नाही.

खर्चात समरहिल आणि बॅलिनोड सारख्याच. 1967 पासून इथलं माध्यमिक शिक्षण मोफत आहे, आणि अशा शाळांत 2025 पासून लीव्हिंग सर्टच्या (शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या) मुलांनाही पुस्तकं मोफत मिळतात. शाळा वर्गणी मागते, पण ती ऐच्छिक असते. दिली नाही म्हणून मुलाला कमी लेखता येत नाही.

आपल्याकडे सीबीएसई की स्टेट बोर्ड, यावर घराघरांत वाद होतात. इथे तो प्रश्नच नाही. तिन्ही शाळांची मुलं तीच लीव्हिंग सर्ट देतात, सहा विषयांचे जास्तीत जास्त 625 गुण, त्यात वरच्या पातळीच्या, म्हणजे अवघड अभ्यासक्रमाच्या, गणिताचे 25 जादा. शाळेपेक्षा विषय कुठले मिळतात हे महत्त्वाचं: मुलाला हवा तो विषय त्या शाळेत वरच्या पातळीवर शिकवतात का, हे आधी विचारा. बाराव्या वर्षी किंवा त्यानंतर भारतातून आलेल्या मुलाला आयरिश भाषेतून सूटही मागता येते.

आता धर्म. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला न बसण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिला आहे. अडचण अंमलबजावणीत आहे. पुष्कळ शाळांत सूट घेतलेला मुलगा त्याच वर्गात, मागच्या बाकावर दुसरं काहीतरी वाचत बसतो, कारण त्याच्याजवळ थांबायला मोकळे शिक्षक नसतात. म्हणून भेटीच्या दिवशी ‘सूट मिळेल का?’ असं विचारू नका. ‘त्या तासाला तो कुठे बसेल आणि काय करेल?’ असं विचारा. उत्तर ठोस मिळालं तर खुशाल अर्ज करा. प्रवेशाला मात्र एक पेच आहे: जागा कमी पडल्या तर माध्यमिक शाळेला स्वधर्मीयांना प्राधान्य देण्याची मुभा कायद्यात आहे. तेव्हा प्रवेशाचं धोरण ओळ न् ओळ वाचा आणि पर्याय म्हणून दुसऱ्या शाळेचाही अर्ज भरा. प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपूर्वी अर्ज घेतले जात नाहीत. शेवटची तारीख मात्र प्रत्येक शाळेची वेगळी.